फ्रेडरिक एच. एव्हान्स

एव्हान्स, फ्रेडरिक हेन्री (२६ जून १८५३ – २४ जून १९४३). इंग्रज वास्तुछायाचित्रकार. इंग्लंड व फ्रान्समधील मध्ययुगीन कॅथीड्रलांच्या (बिशपच्या मोठ्या चर्चच्या) अंतर्भागाची त्यांनी प्लॅटिनम कागदावर छापलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. इमारतीची नोंद ठेवणारे छायाचित्रकार त्यांच्या आधीही पुष्कळ होते. एव्हान्स यांनी दगड, उंची आणि त्यांवरून सरकत जाणारा उजेड हाच चित्राचा विषय केला, आणि त्यासाठी निगेटिव्हवर किंवा छापावर हाताने कसलीही कारागिरी केली नाही. त्यांची सगळी मेहनत लेन्सवरचे झाकण काढण्याआधीच होऊन गेलेली असे.

त्यांचा जन्म लंडनचा. छायाचित्रणावर त्यांचे पोट नव्हते. लंडनच्या चीपसाइड भागात क्वीन स्ट्रीटवर त्यांचे पुस्तकांचे दुकान होते, आणि ग्राहकाची आवड ओळखून पुस्तक हातात ठेवणारा दुकानदार अशी त्यांची ख्याती होती. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्याशी त्यांचा स्नेह होता. जवळच्या विमा कंपनीत कारकुनी करणारा आणि पुढे चित्रकार म्हणून गाजलेला ऑब्री बीअर्ड्स्ली हा तरुण जेवणाच्या सुट्टीत दुकानात येऊन पुस्तके चाळत बसे. एव्हान्स त्याला चित्रांच्या बदल्यात पुस्तके देत. आर्थर राजाच्या कथांच्या सचित्र आवृत्तीसाठी चित्रकाराच्या शोधात असलेल्या जे. एम. डेंट या प्रकाशकाला त्यांनीच १८९२ मध्ये बीअर्ड्स्लीचे नाव सुचवले. लांबसडक बोटांमध्ये चेहरा धरलेले बीअर्ड्स्लीचे जे व्यक्तिचित्र आज सर्वांना ठाऊक आहे, तेही एव्हान्स यांनीच टिपलेले.

१८८० नंतरच्या दशकात ते छायाचित्रणाकडे वळले. सुरुवात सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांनी झाली. या कामासाठी १८८७ मध्ये त्यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले. सूक्ष्मदर्शकाखालची वस्तू आणि कॅथीड्रल यांत अंतर फार दिसते, पण शिस्त एकच : अंधूक उजेड, हलता कामा नये असा कॅमेरा, आणि प्रत्येक रेषा जिथल्या तिथे. १८९६ मध्ये त्यांनी कवी व कलाकार विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट मॅनर या घराची छायाचित्रे घेतली. त्यांतली माळ्याची चित्रे खास आहेत. उघडी लाकडी तुळयांची चौकट, उतरते छप्पर आणि खालून येणारा थोडासा उजेड, एवढ्यावरच ती उभी आहेत. १८९८ मध्ये दुकानातून निवृत्त होऊन त्यांनी पूर्ण वेळ छायाचित्रणाला दिला. लिंकन, ईली, वेल्स, ग्लॉस्टर, यॉर्क आणि फ्रान्समधील बूर्ज ही त्यांच्या कामाची मुख्य ठिकाणे.

कॅथीड्रलच्या गावी ते एका दिवसासाठी जात नसत. तिथे मुक्काम करायचा, आधी कॅमेऱ्याशिवाय हिंडायचे, आणि कोणत्या खिडकीतून किती वाजता येणारा उजेड कोणत्या खांबावर पडतो हे पाहून ठेवायचे, अशी त्यांची रीत होती. गॉथिक कॅथीड्रलचा लांबट मुख्य दालनाचा भाग साधारण पूर्व-पश्चिम असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या खिडक्यांतला उजेड दिवसभर सरकत राहतो, आणि उत्तरेकडची बाजू सावलीत पण स्थिर असते. मांडलेल्या खुर्च्या ही मोठी अडचण. त्यांच्या रांगांमुळे खांबांचे पाय झाकले जातात आणि खांब फरशीतून वर उठताना दिसत नाही. म्हणून एव्हान्स कॅथीड्रलच्या अधिकाऱ्यांना विनंती करून दालन मोकळे करून घेत. त्यांच्या चित्रांत फरशी मोकळी दिसते ती यामुळे. पुढे छापावर खुर्च्या खोडून टाकणे हा मार्ग त्यांना मान्यच नव्हता.

वास्तुछायाचित्रणातली पहिली चूक बहुतेक वेळा उभ्या रेषांची असते. उंच छत चौकटीत यावे म्हणून कॅमेरा वर उचलला की खांब माथ्याकडे एकमेकांकडे झुकतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. उपाय कॅमेऱ्यातच असतो. पाणसळ लावून कॅमेरा सपाट बसवायचा, मागची काच ओळंब्यात ठेवायची, आणि मागचा भाग तसाच ठेवून लेन्सची पुढची फळी वर सरकवायची. चौकटीत फरशी कमी होते आणि छत वाढते, पण खांब सरळच राहतात. फळी फार वर नेली तर मात्र लेन्सच्या प्रतिमावर्तुळाची (लेन्स जेवढ्या गोल भागात चित्र पाडते त्याची) कड लागते आणि कोपरे काळे पडतात. तसे झाले तर मागे सरकून उभे राहण्याखेरीज इलाज नाही. दुरून आणि लांब नाभ्यंतराच्या (दूरचे मोठे दाखवणाऱ्या) लेन्सने घेतलेल्या चित्रात खांबांची आपसांतली प्रमाणेही खरी उतरतात. जवळून रुंद कोनाच्या लेन्सने घेतले तर पुढचा खांब अवाढव्य आणि मागची कमान खेळण्यातली वाटते.

अंधाऱ्या दालनात काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवर पाहिले तर उलटी प्रतिमा जेमतेम दिसते. अशा वेळी फोकससाठी जवळच्या व दूरच्या खांबापाशी पेटती मेणबत्ती ठेवून तिच्या ज्योतीवर नेम साधण्याची युक्ती त्या काळी सर्रास वापरली जाई. मग लेन्सचे छिद्र एफ ३२ (अगदी लहान छिद्राचे माप) च्या आसपास लहान करायचे, म्हणजे पायाजवळच्या फरशीपासून दूरच्या वेदीपर्यंत सगळे स्पष्ट येते. याची किंमत वेळात मोजावी लागते. एक्स्पोजर काही मिनिटांचे, अंधाऱ्या तळघरात तर त्याहून कितीतरी जास्त. त्यातही, उजेड फार मंद असेल तर प्लेटची (कॅमेऱ्यातल्या, उजेड टिपणारा थर दिलेल्या काचेची) संवेदनक्षमता हिशेबाप्रमाणे टिकत नाही. गणिताने निघालेली वेळ पुरत नाही आणि सावल्या कोऱ्या राहतात. अनुभवी माणूस म्हणून सावलीच्या बाजूने भरपूर वेळ देतो. एवढ्या वेळात कुणी चालत गेले तर प्लेटवर उमटत नाही, पण कुणी बसून राहिले तर धुरकट आकृती उरते. ढगाआडून एकदम ऊन आले तर लेन्सवर झाकण घालून थांबायचे आणि ते ओसरल्यावर पुढे चालू ठेवायचे. तिवईचे पाय गुळगुळीत दगडावर घसरतात, त्यासाठी खाली बूच किंवा रबराचे तुकडे लागतात.

खिडकीच्या काचा चौकटीत आल्या की दुसरा घोटाळा होतो. तीव्र उजेड प्लेटवरचा थर ओलांडून काचेच्या मागच्या पृष्ठावर आपटतो, तिथून परत फिरतो आणि खिडकीभोवती पांढरा धूसर वलयासारखा पट्टा उमटवतो. दगडी जाळीचे नाजूक काम त्यात विरघळून जाते. एव्हान्स यावर दुहेरी थराच्या आणि पाठीला लेप दिलेल्या प्लेटा वापरत. दुहेरी थरात खालचा थर मंद असतो आणि वरच्या थराने न झेललेला उजेड तो झेलतो. लेप म्हणजे त्या काळी साधारणपणे जळकी साखर आणि तांबूस तपकिरी माती यांचे मिश्रण. ते काचेच्या पाठीवर फासायचे आणि धुलाईपूर्वी (रसायनात प्रतिमा उमटवण्यापूर्वी) ओल्या स्पंजने पुसून काढायचे. पुसायचे राहिले तर धुलाईचे द्रावण गढूळ होऊन प्लेटवर डाग पडतात. लेप विरळ असला किंवा त्यात हवेचे बुडबुडे राहिले तर नेमक्या त्या जागी वलय परत येते.

या निगेटिव्हना न्याय देणारा कागद त्या काळी एकच होता. विल्यम विलिस यांनी प्लॅटिनम छपाईचे पहिले एकस्व (पेटंट) १८७३ मध्ये घेतले आणि पुढे त्यांच्या लंडनमधील कंपनीने तयार कागद विकायला आणला. कागदावर फेरिक ऑक्झलेट आणि प्लॅटिनमचा क्षार यांचा लेप असतो. उजेडाने लोह-क्षाराचे रूप बदलते. मग कागद पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात गेला की हे बदललेले लोह प्लॅटिनमच्या क्षारातून शुद्ध धातू मोकळा करते, आणि तो काळ्या सूक्ष्म कणांच्या रूपाने कागदाच्या धाग्यांतच बसतो. जिलेटिनचा थर नाही, म्हणून चकाकी नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या करड्या छटा इतक्या हळूहळू उलगडतात की चुनखडीच्या खांबाची गोलाई हाताला लागावी. चांदीच्या कागदावर तीच निगेटिव्ह छापली तर सावल्या बंद होतात.

छपाई निगेटिव्ह आणि कागद एकमेकांवर दाबून धरूनच होते, कारण या कागदाला अतिनील किरणे लागतात आणि त्या काळच्या विस्तारकाच्या (प्रतिमा मोठी करून छापणाऱ्या यंत्राच्या) दिव्यात ती पुरेशी नव्हती. प्लेट जेवढी तेवढाच छाप. लाकडी चौकट उन्हात ठेवली की पिवळसर कागदावर फिकट, अर्धवट प्रतिमा दिसू लागते. ती कितपत दिसली म्हणजे थांबायचे, हे सवयीनेच कळते. मग धुलाई : जुन्या पद्धतीत द्रावण साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअस गरम, नंतरच्या कागदांना थंडही चाले. द्रावण एका दमात सगळ्या कागदावरून जायला हवे, मध्ये अडखळले तर कायमची रेघ राहते. यानंतर छाप थेट पाण्यात न घालता हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सौम्य पाण्यात (१ भाग आम्ल, सुमारे ६० भाग पाणी) तीन वेळा ताज्या द्रावणात प्रत्येकी सुमारे दहा मिनिटे ठेवायचा, म्हणजे उरलेले लोह निघून जाते. शेवटी पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्यात धुवायचा. आम्लाआधी साधे पाणी लागले तर लोह धाग्यांत अडकून पांढरा भाग पिवळा पडतो. तिसऱ्या द्रावणाला पिवळट छटा येत असेल तर आणखी एक द्रावण घ्यावे.

या कागदाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. ओल शोषलेल्या कागदावरची सावली राखाडी आणि चिखलासारखी येते, पांढराही मळतो. म्हणून कागद पत्र्याच्या नळ्यांत येई आणि नळीत ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइड असे. छपाईच्या चौकटीतही कागदामागे रबराचा तुकडा घालत. निगेटिव्हही या कागदासाठीच घडवावी लागते : सावलीत पूर्ण तपशील आणि उजेडाच्या जागी भरपूर दाट. मवाळ, म्हणजे उजेड-सावलीत फरक कमी असलेल्या, निगेटिव्हचा छाप सपाट आणि निर्जीव येतो, मग कागदाला दोष देऊन उपयोग नाही.

एव्हान्स यांची सर्वांत गाजलेली कृती १९०३ मधली आहे : वेल्स कॅथीड्रलमधील ‘अ सी ऑफ स्टेप्स’, म्हणजे पायऱ्यांचा समुद्र. हा जिना कॅथीड्रलच्या धर्मसभागृहाकडे जातो. हे अष्टकोनी सभागृह १३०६ मध्ये पूर्ण झाले. पायऱ्यांचा एक ओघ उजवीकडे वळून सभागृहाच्या कमानीत शिरतो, दुसरा सरळ वर जाऊन पंधराव्या शतकात बांधलेल्या पुलाकडे पोचतो. शतकानुशतके पाय पडून दगड मध्ये खोलगट झाले आहेत. एव्हान्स यांनी कॅमेरा जिन्याच्या पायथ्याशी लावला. चित्राचा जवळजवळ सगळा खालचा भाग पायऱ्यांनी व्यापला आहे. उजवीकडच्या पायऱ्या पसरत खाली येतात त्या फुटणाऱ्या लाटेसारख्या, आणि प्रत्येक पायरीच्या झिजलेल्या कडेवर उजेडाची एक बारीक रेघ आहे. वर, दूरच्या दारापाशी उजेड मोकळा होतो. माणूस एकही नाही, तरी माणसांचे चालणे दगडातच दिसते. मूळ छाप सुमारे २३ × १९ सेंमीचा आहे. एवढ्या लहान कागदावर तो जिना चढावासा वाटतो याचे श्रेय मधल्या करड्या छटांना आहे. वेल्सला ते पूर्वीही काम करून आले होते आणि याच जिन्याकडे पुन्हा वळले. इतके साधे चित्र पहिल्याच भेटीत सापडत नाही.

१९०० मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीत त्यांचे एकल प्रदर्शन भरले, आणि त्याच वर्षी ‘लिंक्ड रिंग’ या कलावादी मंडळात त्यांची निवड झाली. या मंडळातले अनेक जण छापावर ब्रशने रंग हलवत, निगेटिव्ह खरवडत. एव्हान्स यांनी ‘शुद्ध छायाचित्रणा’ची बाजू लावून धरली : साध्या निगेटिव्हचा साधा छाप. त्यांच्या मते इमारत पाहून मनात जे हलते त्याची नोंद करायची, स्थळाचा नकाशा नाही. पण ती नोंद कॅमेऱ्यानेच केली पाहिजे. आज हे मत सर्वमान्य वाटते, तेव्हा ते आपल्याच गोटात एकटे पाडणारे होते. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकाचा ऑक्टोबर १९०३ चा अंक एव्हान्स यांना दिला. त्यांच्यावरचा लेख शॉ यांनी लिहिला.

छाप तयार झाला म्हणजे त्यांचे काम संपत नसे. छाप एकाखाली एक ठेवलेल्या, किंचित वेगळ्या छटांच्या कागदांवर चिकटवलेला असे. प्रत्येक कागदाची केवळ बारीक कडच बाहेर दिसे. कधी भोवती हाताने रेघा आखून त्यांमध्ये पातळ रंग भरत. काठाचा रंग छापातल्या मधल्या छटेहून उजळ असेल तर छाप मळकट वाटतो, गडद असेल तर सावल्या फिक्या पडतात, म्हणून प्रत्येक छापासाठी कागदांची जोडणी वेगळी. लिंक्ड रिंगच्या वार्षिक प्रदर्शनाची मांडणीही १९०२ पासून काही वर्षे त्यांनी केली. चित्रे छतापर्यंत दाटीवाटीने टांगण्याऐवजी त्यांनी त्यांना मोकळी जागा दिली.

पुढे ‘कंट्री लाइफ’ या साप्ताहिकासाठी त्यांनी इंग्लंडमधील चर्च आणि फ्रान्समधील शातो (जुने वाडे व गढ्या) यांची छायाचित्रे घेतली. १९११ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेवर काम केले. पहिल्या महायुद्धाने हे सगळे थांबवले. प्लॅटिनमचा मुख्य पुरवठा रशियातून होई आणि स्फोटकांसाठी लागणाऱ्या आम्लांच्या निर्मितीत हा धातू उत्प्रेरक म्हणून लागे. किंमत आवाक्याबाहेर गेली, कागद मिळेनासा झाला. चांदीच्या कागदात एव्हान्स यांचे मन रमले नाही आणि १९१५ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण जवळजवळ सोडले. १९२८ मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना सन्माननीय फेलो केले. नव्वदीला दोन दिवस उरले असताना लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे छाप लॉस अँजेलिसचे गेटी संग्रहालय, न्यूयॉर्कचे आधुनिक कला संग्रहालय आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात गेलेला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचा संग्रह यांत आहेत. प्लॅटिनम धातू स्वतः फिका पडत नाही. त्रास होतो तो कागदाला : धुलाईतले आम्ल उरले असेल तर तो पिवळा आणि ठिसूळ होतो. वर्षानुवर्षे छापाला टेकून राहिलेल्या समोरच्या कागदावर प्लॅटिनमच्या सान्निध्यामुळे त्याच चित्राची तपकिरी, आरशातल्यासारखी उलटी सावली उमटते. जुन्या वेष्टनात अशी सावली सापडली तर आत ठेवलेला छाप प्लॅटिनमचा होता, हे बहुधा तेवढ्यावरून सांगता येते.