पिकअप लेव्हल करणं आणि मोठे टायर

पिकअप लेव्हल करणं म्हणजे गाडीचं पुढचं नाक उचलून मागच्या बाजूच्या बरोबरीला आणणं. कंपनीतून येणारी बहुतेक पिकअप रिकामी असताना मागून उंच आणि पुढून बसलेली दिसते, आणि हा उतार मुद्दाम ठेवलेला असतो, कारण हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सरळ होते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पहाटे वाशीच्या एपीएमसी मार्केटला जा. आत शिरणारी रिकामी बोलेरो पिकअप शेपूट वर करून उड्या मारत येते आणि तीच गाडी कांद्याच्या गोण्या भरून बाहेर पडते तेव्हा मागून बसलेली असते, पाटे जवळजवळ सपाट झालेले असतात. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की गाडीत रोज माल जाणार असेल तर लेव्हल करायच्या भानगडीत पडूच नका. पुढून उचललेली गाडी भरली की नाक आभाळाकडे जातं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टेअरिंग हलकं लागायला लागतं. माल वाहणारे आपले लोक उलटंच करतात, पाटेवाल्याकडे जाऊन मागे एखादा पाटा वाढवून घेतात.

ही आवड मुळात अमेरिकेतली. तिकडे फोर्ड एफ-१५०, शेवरले सिल्वेराडोसारख्या मोठ्या पिकअप लोक घरची गाडी म्हणून वापरतात, हौदा बराच वेळ रिकामाच, मग तो उतार नकोसा वाटतो आणि पुढच्या कमानीत मोठा टायर बसवायला जागाही हवी असते. आपल्याकडे खाजगी नंबरवर पिकअप घ्यायची हौस खरी वाढली ती २०१६ ला इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आल्यावर आणि मग २०२२ ला टोयोटाची हायलक्स आली तेव्हा. दोन्हींना पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, त्यामुळे काम साधारण सारखंच.

काम दिसायला सोपं आहे. पुढचा शॉकअप आणि स्प्रिंगचा जोड खाली काढायचा, त्याच्या डोक्यावर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चकती बसवायची, तिला स्पेसर म्हणतात, आणि परत चढवायचं. गंमत अशी की एक इंचाचा स्पेसर टाकला तरी गाडी पुढून दोन इंचांच्या आसपास उचलते, कारण शॉकअप खालच्या आर्मच्या टोकाला नाही तर मधेच कुठेतरी जोडलेला असतो. हे माहीत नसलं की माणूस दोन इंच हवेत म्हणून दोन इंचाचा स्पेसर आणतो आणि गाडी चार इंच वर जाऊन बसते. दुसरा रस्ता म्हणजे जास्त उंचीची नवीन स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप, महाग पडतो पण चांगला तोच. ज्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई, असतो तिथे फक्त बोल्ट आवळून उंची वाढते, पण फार आवळला तर गाडी दगडासारखी कडक होते. काही जण पैसे वाचवायला पुढे काही न करता मागचा एक पाटाच काढून टाकतात, हे अजिबात करू नये, गाडीची भार घ्यायची ताकदच जाते.

किती उचलायचं हे आधी मोजून ठरवायचं. सपाट फरशीवर, म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये वगैरे, गाडी उभी करा, चारही टायरमध्ये हवा सारखी, टाकी अर्धी, आणि दरवाज्याखालच्या पट्टीवर गवंड्याची पाणसळ ठेवा. बुडबुडा मागच्या बाजूला सरकलेला दिसेल. मग हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत चारही चाकांचं अंतर टेपने मोजून वहीत लिहून ठेवा, काम झाल्यावर हेच आकडे परत लागतात. दीड ते दोन इंच हे साधारण ठीक, त्यापुढे गेलात की सीव्ही जॉइंटचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकाला देणाऱ्या सांध्याचा, कोन वाढतो, रबरी बूट घड्यांत घासून फाटतो, ग्रीस बाहेर उडतं आणि ठोकठोक सुरू होते. शिवाय वरून स्पेसर टाकलेल्या गाडीचं चाक खड्ड्यात लोंबकळलं की मूळच्या मर्यादेपेक्षा खाली जातं, तिथे वरच्या आर्मच्या बॉल जॉइंटवर ताण येतो. पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर खड्डे टाळत गाडी घातलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट त्याच दिवशी हवी. माझ्या गाडीचं काम ज्या गॅरेजमध्ये केलं तिथे "साहेब, हजार किलोमीटर चालवा, स्प्रिंग बसू दे, मग करू" असं सांगितलं आणि मी ऐकलं. दोनेक महिन्यांनी टायरवरून हात फिरवला तर बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर करवतीसारखं टोचायला लागलं. टो, म्हणजे चाकं समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडल्याची हीच खूण, डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळते. नवीन टायरची जोडी वाया गेली. हेडलाइटचंही तसंच, नाक वर गेलं की उजेडही वर जातो, रात्री समोरचे सगळे डिपर मारायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तोवर किती जणांच्या डोळ्यांत मी लाइट मारला असेल याचं अजून वाईट वाटतं. भिंतीसमोर गाडी लावून कामाच्या आधी उजेडाच्या कडेला खडूने रेघ मारून ठेवावी आणि नंतर तिथेच आणावी, पाच मिनिटांचं काम आहे.

आता टायर. २६५/६५ आर१७ म्हणजे रुंदी २६५ मिलीमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. हिशोब केला तर पूर्ण व्यास ७७६ मिलीमीटर. त्याच रिमवर २६५/७० घेतला तर ८०३, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त, पण गाडी जमिनीपासून वर जाते ती फक्त १३ मिलीमीटर, कारण वाढलेल्या व्यासातला अर्धाच भाग खाली येतो. मीटरवर ८० दिसतात तेव्हा खरा वेग ८३ च्या जवळ असतो आणि किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे ॲव्हरेज जेवढं पडलंय असं वाटतं तेवढं पडलेलं नसतं, थोडं पडतंच म्हणा. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असं जाणकार सांगतात, आणि अमेरिकेत ज्याला तेहतीस इंची म्हणतात तो २८५/७० आर१७ थेट सात टक्के मोठा, तो घासतोच. घासतं कुठे हे शोधायला लायनरच्या, म्हणजे कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या, आत ओला खडू फासायचा, स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी रिव्हर्स घ्यायची, मग एक चाक स्पीडब्रेकरवर चढवून तेच करायचं, टायरवर पांढरं कुठे लागलंय ते दिसतं.

टायरच्या जड वजनाने ब्रेक लांबतो, गाडी वेग हळू पकडते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, मूळपेक्षा कमी घ्यायचा नाही, ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो. मातीसाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर पाम बीच रोडवर घोंघावतात आणि ओल्या डांबरावर घसरतात, आपल्याकडे वर्षाचे चार महिने पाऊस, त्यामुळे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे ऑल टेरेनच बरे. आणि स्टेपनी विसरू नका, हौद्याखालच्या जागेत मोठा टायर बसतो का ते आधी बघा.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशीलाविरुद्ध जाणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं, परवानगीशिवाय बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एमएच ०४ असो की एमएच ४३, आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी सर्वेअर टेप घेऊनच येतो. काम झाल्यावर शंभर किलोमीटरने चाकांचे आणि स्पेसरचे सगळे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, परत तपासून घ्यायचे, वहीतले आकडेही तेव्हाच पडताळायचे, एका बाजूला पाच-सात मिलीमीटर फरक निघाला तर काहीतरी नीट बसलेलं नाही.