रोज मॉक देऊन आयेल्ट्सचा बँड का वाढत नाही

पुण्यात एफसी रोडच्या आसपासचे आयेल्ट्सचे, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, क्लास संध्याकाळी सुटले की टपरीवर एकच विषय असतो, बँड, म्हणजे नऊपैकी मिळालेला गुण, "काल लिसनिंगला ७ होते यार, आज साडेसहा आले". आणि त्यावर उपाय काय, तर उद्या अजून एक मॉक, म्हणजे सराव परीक्षा. हिंजवडीत जॉब करणाऱ्यांचं तर विचारूच नका, ट्रॅफिकमधून नऊ साडेनऊला घरी पोचायचं, जेवायचं आणि लिसनिंग, रीडिंग, रायटिंग असा अडीच तासांचा अख्खा पेपर लावून बसायचं, असं महिनाभर झालं की मग पुस्तक उघडावंसंच वाटत नाही आणि घरचे म्हणतात आळस भरलाय. आळस नसतो हो तो.

याला बर्नआऊट म्हणतात, सततच्या ताणाने माणूस आतून संपून जाणं. त्यावर १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने लिहिलं, पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी ते मोजायची पद्धत बसवली. त्यात तीन गोष्टी बघतात. सतत थकवा, कामातून मन उडणं आणि 'माझ्याच्याने हे होणारच नाही' असं वाटायला लागणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद आजार म्हणून नाही तर नोकरीतल्या ताणाचा परिणाम म्हणून घेतली, पण संशोधकांना हीच तीन लक्षणं विद्यार्थ्यांमध्येही दिसलीयेत. माझ्या मते परीक्षेच्या तयारीत तिसरं लक्षण सगळ्यात घातक, कारण रोजचा मॉक नेमका तिथेच घाव घालतो.

कसं ते बघा. लिसनिंगला ४० प्रश्न असतात, साधारण ३० बरोबर आले की ७ बँड आणि २९ आले तर साडेसहा. म्हणजे एक प्रश्न! एखाद्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर राहिलं, बाहेर कुणी हॉर्न वाजवला आणि एक आकडा ऐकायचा राहून गेला, झालं, अर्धा बँड गेला. इंग्रजी तेवढंच आहे, कालच्याएवढंच. पण माणूस तो आकडा मनाला लावून घेतो आणि असे चढउतार रोज बघितले की मेहनतीचा काही उपयोग नाही असं पक्कं डोक्यात बसतं.

आता कुणी म्हणेल टेस्ट दिल्याने तर लक्षात राहतं. बरोबर आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने विचारलं तर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं तेच पुढे असतात. पण तिथे मुलं शिकलेलीच गोष्ट आठवत होती. रात्री साडेबाराला पेपर संपवून, फक्त स्कोअर बघून झोपण्यात तसं काही होत नाही, कारण चुकलं कुठे हे कुणी बघितलेलंच नसतं.

आणि वेळ पण चुकीची. २०२२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी लोकांना सहा तासांच्या वर डोक्याला ताण देणारी कामं दिली, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात, जिथून आपण स्वतःवर ताबा ठेवतो तिथे, ग्लुटामेट नावाचं रसायन साठलेलं दिसलं, आणि हे लोक दिवसाच्या शेवटी कमी कष्टाचे, झटपट फायद्याचे पर्याय निवडायला लागले. सोपी कामं दिलेल्या गटात तसं झालं नाही.

हे रीडिंगमध्ये कसं दिसतं? उताऱ्यात लिहिलंय, कारखाना १९२० मध्ये सुरू झाला. खाली विधान आहे, तो त्या शहरातला पहिला कारखाना होता. ताजं डोकं थांबतं, परत वर बघतं, पहिला असं कुठेच म्हटलेलं नाही, म्हणून उत्तर 'नॉट गिव्हन', उताऱ्यात दिलेलंच नाही. ऑफिसमध्ये दिवस काढलेलं डोकं म्हणतं, जुना आहे म्हणजे पहिलाच असणार, 'ट्रू' टाक आणि पुढे चल. मग दोष इंग्रजीला!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, अख्खा मॉक आठवड्यातून एकच, तोही रविवारी सकाळी. सोमवार मंगळवार फक्त त्याच्या चुका, प्रत्येक चुकीपुढे एक ओळ, ऐकलंच नाही, स्पेलिंग गेलं, नॉट गिव्हनला फसलो. दोन तीन आठवड्यांत कळतं की त्याच त्याच दोन गोष्टी चुकतायत, आणि दोन गोष्टी सुधारता येतात, 'माझं इंग्रजीच वाईट' हे सुधारता येत नाही. बाकीचे दिवस वीस पंचवीस मिनिटांचा एखादा तुकडा पुरे. स्पीकिंग तर खोलीत बसून करूच नका, मित्राबरोबर तळजाई किंवा वेताळ टेकडीवर जा, त्याने विषय द्यायचा, एक मिनिट विचार करायचा आणि चढ संपल्यावर दोन मिनिटं मोठ्याने बोलायचं. लोक बघतात, बघू देत, परीक्षकासमोर बोलायची भीड तिथेच मोडते.

झोपेला मात्र हात लावू नका. शिकल्यानंतर जागं राहण्यापेक्षा झोपलं तर कमी विसरलं जातं हे १९२४ पासून प्रयोगांत दिसत आलंय, दिवसभराचं शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण दोनपर्यंत अंगात असतं, माणसागणिक थोडं इकडेतिकडे. अजून एक, एडिंबराच्या २०१२ च्या प्रयोगात गोष्ट ऐकल्यावर दहा मिनिटं नुसतं शांत बसलेल्यांना ती सात दिवसांनीही जास्त आठवली, गेम खेळलेल्यांपेक्षा. ते लोक साठीच्या पुढचे होते हे खरं, पण क्लास सुटल्यावर बसमध्ये बसल्या बसल्या रील्स न उघडता दहा मिनिटं खिडकीबाहेर बघायला पैसे तर पडत नाहीत.

आणि हे सगळं करूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल तर तो विषय परीक्षेचा राहिलेला नाही. डॉक्टरांना भेटा, नाहीतर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.