सतरा आठवड्यांचा धीर

मीटिंगमध्ये कोणी दहा सेकंद गप्प बसलं, की एकाला वाटतं त्याला पटलं, दुसऱ्याला वाटतं तो रागावला. आणि तो बिचारा नुसता विचार करत असतो. वेगवेगळ्या संस्कृतींतली माणसं एका टीममध्ये आली, की सुरुवातीचा बराच वेळ असल्या गैरसमजांतच जातो.

हा वेळ किती, याचा अंदाज अमेरिकेतल्या वॉटसन, कुमार आणि मायकेलसन यांच्या 1993च्या अभ्यासातून येतो. त्यांनी विद्यार्थ्यांचे काही गट एकाच पार्श्वभूमीचे ठेवले, काही मिश्र, आणि त्यांना उद्योगांमधल्या खऱ्याखुऱ्या वाटाव्यात अशा अडचणी सोडवायला दिल्या. सुरुवातीला मिश्र गट सपशेल मागे होते. पुढे अंतर कमी होत गेलं. 17 आठवड्यांनी एकत्र काम करण्यात दोन्ही गट बरोबरीला आले. शिवाय अडचणीकडे किती बाजूंनी पाहिलं आणि किती पर्याय सुचवले, या दोन बाबतींत मिश्र गट पुढे गेले. प्रयोग पाचव्या आठवड्यात थांबवला असता, तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता!

पुढे 2010 मध्ये स्टाल आणि सहकाऱ्यांनी 108 अभ्यास एकत्र करून दहा हजारांहून जास्त टीम्सची आकडेवारी तपासली. चित्र तसंच दुहेरी निघालं: सांस्कृतिक विविधतेमुळे सर्जनशीलता वाढते, पण मतभेदही वाढतात आणि एकोपा कमी होतो. म्हणजे नफा आणि खर्च एकाच खात्यावर.

नफा येतो कुठून? सगळे एकाच मुशीतले असले, की पहिल्या बऱ्या कल्पनेवर माना डोलतात आणि शोध तिथेच थांबतो. वेगळ्या रीतीत वाढलेला माणूस "पण असंच का?" असं विचारतो. हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यामोहऱ्यातून येत नाही, त्याच्या मूल्यांतून आणि विचारांच्या सवयींतून येतो. 2019च्या अशाच एका एकत्रित विश्लेषणात सर्जनशीलतेशी नातं दिसलं ते या आतल्या फरकांचं. वरवर दिसणाऱ्या फरकांचं नव्हे. माहितीपत्रकावरच्या रंगीबेरंगी ग्रुप फोटोवरून टीमला काय सुचेल याचा अंदाज बांधणाऱ्यांची मात्र यात पंचाईत होते.

सगळ्यात अवघड असते ती निम्मी-निम्मी टीम. चार इकडचे, चार तिकडचे. मधोमध भेग पडायला मग फार काही लागत नाही. जेवायच्या सुट्टीत कोण कोणाशेजारी बसलंय, एवढं पाहिलं तरी ती दिसते.