औद्योगिक रसायनांची आयात : ऑर्डर देण्याआधी कोणत्या परवानग्या तपासाव्यात

बहुतेक नवे आयातदार आधी भाव ठरवतात, मग आगाऊ रक्कम पाठवतात आणि जहाज निघाल्यावर क्लिअरिंग एजंटला, म्हणजे सीमाशुल्कातून माल सोडवून देणाऱ्याला, फोन करतात. रसायनांच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. यातल्या बऱ्याच परवानग्या माल निघण्यापूर्वीच हातात असाव्या लागतात. माल बंदरात येऊन पडल्यावर अर्ज करायला बसलात, तर डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, आणि कंटेनरचे भाडे रोज चढत जाते.

पात्रतेचा भाग सोपा आहे. एकल मालकी, भागीदारी, एलएलपी किंवा कंपनी, कोणीही आयात करू शकते. त्यासाठी आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज होतो, शुल्क ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडायचा. पॅन क्रमांक हाच आयईसी क्रमांक असतो. माहितीत काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तिची ऑनलाइन पुष्टी करावी लागते, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. हे विसरणारे पुष्कळ.

खरे काम पुढे आहे : रसायन नेमके कोणते? विक्रेत्याने दिलेले व्यापारी नाव इथे उपयोगाचे नाही. त्याच्याकडून कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), शुद्धतेचे विश्लेषण प्रमाणपत्र आणि सोळा विभागांची सुरक्षा माहितीपत्रिका, म्हणजे एसडीएस, ऑर्डरपूर्वीच मागून घ्या. मिश्रण असेल तर घटकांची टक्केवारीही हवी. एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, त्यावरूनच ठरतो. अकार्बनी रसायने साधारणपणे प्रकरण २८ मध्ये, सेंद्रिय २९ मध्ये. विक्रेता घटक सांगायला तयार नसेल, तर दुसरा विक्रेता शोधलेला बरा.

ओळख पटली की परवानग्यांच्या वाटा फुटतात. बोरिक अॅसिड काचेच्या किंवा सिरॅमिकच्या कारखान्यासाठी मागवले, तरी ते कीटकनाशक कायद्याच्या यादीत असल्याने केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा आयात परवाना लागतो. अॅसेटिक अनहायड्राइडचा उपयोग अमली पदार्थ बनवण्यासाठीही होतो, म्हणून त्याला ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. अमोनियम नायट्रेट, आणि ४५ टक्क्यांहून जास्त प्रमाणात ते असलेली मिश्रणे, २०१२ च्या स्वतंत्र नियमांखाली येतात. त्यांचा परवाना पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, देते. काही रसायनांवर गुणवत्ता नियंत्रण आदेश, म्हणजे ठरलेला दर्जा बंधनकारक करणारे सरकारी आदेश, आहेत. तिथे परदेशी उत्पादकाकडेच बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना असावा लागतो, आयातदाराने अर्ज करून भागत नाही. ही यादी वाढते तशी आखडतेही, त्यामुळे मागच्या वर्षीच्या खेपेवर विसंबू नका.

याशिवाय घातक रसायनांचे उत्पादन, साठवणूक व आयात नियम, १९८९ आहेत. त्यांच्या अनुसूची १ मध्ये ६८४ रसायनांची यादी आहे. यादीत नाव नाही म्हणून सुटका झाली असे मात्र नाही. त्याच अनुसूचीत विषारीपणा आणि ज्वलनशीलतेचे निकष दिले आहेत, त्यात बसणारे रसायनही घातकच धरले जाते. नियम १८ प्रमाणे अशा रसायनाच्या आयातीची माहिती ३० दिवस आधी, किंवा शक्य तितक्या लवकर पण आयातीच्या दिवसापर्यंत, अनुसूची ५ मधील संबंधित प्राधिकाऱ्याला द्यावी लागते : माल घेणाऱ्याचे नाव-पत्ता, प्रवेशाचे बंदर, वाहतुकीचा प्रकार, प्रमाण आणि संपूर्ण सुरक्षा माहिती. सुरक्षेच्या कारणावरून आयात थांबवण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. आयातीच्या नोंदी अनुसूची १० च्या नमुन्यात ठेवायच्या असतात.

सीमाशुल्काचा टप्पा त्यामानाने सरळ. आइसगेट या सीमाशुल्काच्या संकेतस्थळावर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, दाखल होते. सोबत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), विश्लेषण प्रमाणपत्र, एसडीएस आणि लागू असलेले परवाने. २०२३ पासून रसायनांच्या घोषणेत आययूपीएसी नाव (आंतरराष्ट्रीय पद्धतीचे शास्त्रीय नाव) आणि कॅस क्रमांक भरावा लागतो, म्हणून एसडीएस आणि इनव्हॉइसवरचा तपशील एकमेकांशी जुळतो का, हे आधीच ताडून पाहा. सर्वसाधारणपणे माल येण्याच्या आदल्या दिवसअखेर बिल दाखल व्हायला हवे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. ‘सगळं आम्ही बघतो’ असे एजंट म्हणतोही, पण घोषणेतल्या माहितीसाठी आयातदारही उत्तरदायी असतो.

माल गोदामात कुठे उतरणार, हेही आधी ठरवा. टोल्युइन, हेक्झेन यांसारखी ज्वालाग्राही द्रावके पेट्रोलियम नियम, २००२ खाली येतात. थोड्याशा साठ्याला सूट आहे, पण पिंपांच्या हिशेबात साठवायची तर पेसोचा परवाना लागतो. पेसोचे मुख्यालय नागपुरात आहे, अर्ज मात्र ऑनलाइन करायचा. गोदामाचा आराखडा मंजूर होऊन परवाना मिळेपर्यंत वेळ जातो, तेव्हा हा अर्ज पहिल्या ऑर्डरच्या बराच आधी टाका.