निक्षय मित्र व्हायचंय? मंडळं आणि संस्थांसाठी फॉर्म, पात्रता, कागदपत्रं

परवा एका मंडळाच्या पोरांनी विचारलं, वर्गणीतले पैसे उरलेत, टीबीच्या पेशंटना शिधा द्यायचाय तर कुठे जायचं? म्हटलं एकदा लिहूनच टाकतो.

9 सप्टेंबर 2022 ला प्रधानमंत्री टीबी मुक्त भारत अभियान सुरू झालं, त्यात उपचार चालू असलेल्या पेशंटला सरकारी मदतीच्या वर जादा मदत करणारा तो निक्षय मित्र. संस्था, मंडळ, कंपनी, लोकप्रतिनिधी, अगदी एकटा माणूस पण चालतो. औषधं सरकारकडून फुकट मिळतात, शिवाय पेशंटच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये येतात (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते), आपलं काम त्याच्या वरचं.

फॉर्म निक्षयच्या (म्हणजे टीबी पेशंटची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेच्या) कम्युनिटी सपोर्ट पोर्टलवर आहे. नाव, मोबाईल, पत्ता, मदत कसली करणार, किती काळ, आणि कुठल्या भागातले पेशंट घेणार, एवढंच. आयडी मिळाला की फोनची वाट बघत बसू नका, सरळ तालुक्याच्या टीबी युनिटला नाहीतर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन भेटा. जाताना संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि मीटिंगच्या ठरावाची झेरॉक्स जवळ असू द्या, कोणी मागितली तर परत हेलपाटा नको.

पेशंटने संमती दिली तरच तो तुमच्याशी जोडला जातो, यात घाई करायची नाही.

मोठ्या माणसाच्या महिन्याच्या किटमध्ये धान्य 3 किलो, डाळ दीड किलो, तेल 250 ग्रॅम, आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे 1 किलो असं सरकारी सूचनांमध्ये दिलंय. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, म्हणून पैसे मोजूनच किती पेशंट घेणार तो आकडा सांगा, दहा जणांना एकदा देऊन गायब होण्यापेक्षा दोघांना सहा महिने द्या. दर वाटपाची नोंद निक्षयवर झाली का ते तिथल्या स्टाफला विचारत राहा. काही अडलं तर 1800-11-6666 टोल फ्री आहे.

आणि फोटोचा नाद सोडा. आम्ही पहिल्याच महिन्यात बॅनर लावला, तर एक ताई किट न घेताच मागे फिरल्या, सासरी आजाराचं कुणाला सांगितलेलंच नव्हतं. आता त्यांचं सामान आशाताई बाजाराच्या साध्या पिशवीतून नेऊन देतात, वर मेथीची जुडी ठेवून.