अंगठा, तारे आणि टक्के : विनोदी सिनेमा नि गेमवरच्या मतांची पार्श्वभूमी

सिनेमाला तारे द्यायची पद्धत न्यू यॉर्कच्या एका दैनिकाने 1928 मध्ये सुरू केली. गेमला टक्के किंवा दहापैकी गुण देणं ऐंशीच्या दशकातल्या मासिकांनी रुजवलं. त्या काळाबद्दल इतकंच पुरे. विनोदी सिनेमा पाहून किंवा गेम खेळून आज आपण जे मत नोंदवतो, त्याचा साचा 1998 नंतर घडला.

सिनेमाची परीक्षणं गोळा करणारी रॉटन टोमॅटोज ही साइट त्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली, तीही एका विनोदी मारधाडपटाच्या निमित्ताने. हाँगकाँगचा एक लाडका नट हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमात येणार होता. त्याच्या एका चाहत्याला सगळी परीक्षणं एका जागी हवी होती. सिनेमाची तारीख पुढे गेली आणि साइट आधी आली. तिथले टक्के म्हणजे सिनेमा आवडलेल्या समीक्षकांचं प्रमाण. 60 किंवा त्याहून जास्त झालं की ‘ताजा’. यात सगळ्यात जास्त भरडला गेला तो विनोदी सिनेमा. सगळ्यांना जेमतेम हसवणारा सिनेमा 90 वर जातो. निम्म्या लोकांना पोट धरून हसवणारा आणि उरलेल्यांना नकोसा होणारा सिनेमा 50 वर अडकतो, आणि खरी हिंमत बहुधा या दुसऱ्यानेच केलेली असते.

जानेवारी 2001 मध्ये समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारं मेटाक्रिटिक आलं. तिथे सिनेमाला शंभरपैकी 61 गुणांवर हिरवा, म्हणजे ‘चांगला’चा रंग मिळतो, गेमला 75 लागतात. गेमचे परीक्षक मुळातच सढळ हाताने गुण देतात, म्हणून ही वेगळी रेघ. परिणामी 65 गुणांचा सिनेमा हिरवा आणि तितक्याच गुणांचा गेम पिवळा. या आकड्यावर लोकांचे पैसेही ठरू लागले. 2010 च्या ‘फॉलआउट : न्यू वेगास’ या गेमच्या निर्मात्यांना 85 गुण झाले तर बोनस मिळणार होता. गुण आले 84. हे 2012 मध्ये बाहेर आलं तेव्हा खूप गाजलं, आणि गाजायलाच हवं होतं.

2017 मध्ये नेटफ्लिक्सने पाच तारे काढून अंगठा आणला. लोक माहितीपटाला पाच तारे देतात, हलक्याफुलक्या विनोदी सिनेमाला तीन, आणि प्रत्यक्षात पाहतात मात्र तो तीनवालाच, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्या मते हे निरीक्षण अगदी अचूक आहे. हसवणाऱ्या गोष्टीला पूर्ण गुण द्यायला आपण अजूनही कचरतो.

पण सगळ्यात जास्त वाद झाला तो स्टीम या कंप्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर. तिथे खेळाडूंची मतं नोव्हेंबर 2013 पासून येऊ लागली. प्रश्न एकच, शिफारस कराल की नाही? आणि शेजारी खेळलेले तास. सप्टेंबर 2016 मध्ये स्टीमबाहेरून मिळालेल्या कोडने (‘की’ने) चालू केलेल्या प्रतींची मतं एकूण टक्केवारीतून वगळली गेली. असे कोड फुकट वाटून कौतुक गोळा करणाऱ्यांना त्याने चाप बसला, पण गेम बनण्याआधीच वर्गणी भरून ज्यांनी तो उभा केला, त्यांचं मतही हिशेबाबाहेर गेलं. 2017 मध्ये एका गेमच्या निर्मात्यांनी एका यूट्यूबरविरुद्ध कॉपीराइटची तक्रार केली आणि त्या गेमवर नकारात्मक मतांचा मारा झाला. त्यानंतर कोणत्या काळात किती मतं पडली, याचा आलेख दिसू लागला. तो उपाय चांगला होता. सगळं समोर ठेवायचं आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोपवायचा.

मार्च 2019 मध्ये मात्र स्टीम पुढे गेलं. अचानक मतांचा लोंढा आला की यंत्रणा तो हेरणार, मग माणसं तपासणार, आणि तो ‘विषयाबाहेरचा’ ठरला तर त्या काळातली सगळीच मतं टक्केवारीतून बाद. मतं वाचता येतात, सेटिंगमध्ये जाऊन ती पुन्हा मोजताही येतात, पण मूळ आकडा बदलतो. त्याच दिवसांत कोणी प्रामाणिकपणे ‘गेम सारखा बंद पडतो’ असं लिहिलं असेल, तर तेही गेलं. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे डीआरएम (गेमची नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप) आणि वापराच्या करारातले बदल हे मुद्दे विषयाबाहेरचे ठरवले गेले. सर्वसाधारण खेळाडूला त्याचं फारसं काही वाटत नाही, हे त्यामागचं कारण. मला हे पटत नाही. पैसे मोजून घेतलेला गेम उद्या कोणत्या अटीवर चालू होणार, हा गेमबद्दलचाच प्रश्न आहे. पुढच्याच महिन्यात ‘बॉर्डरलँड्स 2’वर हा नियम लागला. तिथे राग होता तो पुढचा भाग सहा महिने दुसऱ्याच दुकानात विकला जाणार याचा. तो लोंढा विषयाबाहेरचा होता, हे मान्य. पण मे 2024 मध्ये ‘हेलडायव्हर्स 2’ हा गेम खेळायला सोनीचं वेगळं खातं जोडण्याची सक्ती जाहीर झाली. ते खातं शंभरहून जास्त देशांत उघडताच येत नव्हतं. दोन लाखांच्या वर नकारात्मक मतं पडली आणि काही दिवसांत सक्ती मागे घेतली गेली. मतांचा मारा हेच तिथे गिऱ्हाइकाच्या हातातलं सगळ्यात मोठं शस्त्र होतं.

सिनेमाकडे हा पेच 2016 मध्येच आला होता. भुतं पकडणाऱ्यांच्या जुन्या विनोदी सिनेमाची स्त्रियांना घेऊन नवी आवृत्ती निघाली, आणि ती पाहण्याआधीच लोकांनी तिला तळाचे गुण दिले. रॉटन टोमॅटोजने 2019 मध्ये तिकीट काढल्याचा पुरावा असलेली मतं वेगळी मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे वाद थेट न्यायालयात गेले. पहिले तीन दिवस परीक्षणंच नकोत, अशी मागणी तमिळ निर्मात्यांनी केली. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने तशी बंदी घालायला नकार दिला.

ऑगस्ट 2024 पासून स्टीमने एका शब्दाची आणि नुसत्या विनोदाची मतं खाली ढकलायला सुरुवात केली. वर्षभराने, भरपूर मतं असलेल्या गेमसाठी प्रत्येक भाषेची टक्केवारी वेगळी दिसू लागली. मराठी खेळाडू बहुतेक वेळा इंग्रजीतच लिहितो, त्यामुळे त्याचं मत अजूनही इंग्रजीच्याच बेरजेत जातं.