कोंबडीच्या भ्रूणातील खनिज चयापचय आणि जीवनसत्त्वे

अंडे घातल्यावर भ्रूणाला बाहेरून मिळते ती फक्त ऊब आणि हवा. जीवनसत्त्वे कोंबडीने बलकात भरली तेवढीच, आणि खनिजांचा वापर त्यांच्यावर अवलंबून. बलक व पांढरा भाग मिळून जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. 21 व्या दिवशी बाहेर येणाऱ्या पिल्लाच्या अंगात मात्र 100 मिलिग्रॅमच्या वर. वरचा सगळा भरणा टरफलातून होतो. टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे तोटा साठ्याचा नसतो, तो उचलण्याचा असतो. फॉस्फरस मात्र बलकातूनच येतो.

टरफलाला आतून लागलेला रक्तवाहिन्यांचा पडदा 10-12 व्या दिवसापासून हे काम करतो. त्यातल्या काही पेशी आम्ल सोडून चुना विरघळवतात, दुसऱ्या पेशी कॅल्शियम रक्तात ओढतात. ड जीवनसत्त्व कमी पडले की ही ओढ मंदावते. के जीवनसत्त्वाशिवाय पडद्यातले कॅल्शियम धरणारे प्रथिन नीट तयार होत नाही. क ची काळजी नको, ते भ्रूण स्वतःच बनवतो.

ड च्या कमतरतेत भ्रूण बहुधा 18-19 व्या दिवशी मरतो. अंडे फोडून पाहावे: वरची चोच आखूड, नखाने दाबली तर वाकते; अशा चोचीने टरफल फुटणार कसे? ड चे फक्त सक्रिय रूप (शरीर ड पासून बनवते ते प्रत्यक्ष काम करणारे रूप) खाऊ घातलेल्या कोंबड्या चांगल्या टरफलाची अंडी देतात, पण ते रूप बलकात पुरेसे उतरत नाही आणि पिल्ले निघत नाहीत. टरफल टणक म्हणून अंडे उबवणीला चांगले, हा समज म्हणूनच फसवा. पोपटासारखी चोच आणि आखूड, जाड पाय दिसले तर मँगनीज किंवा बायोटिन (ब गटातले एक जीवनसत्त्व) तपासावे.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. कोंबड्या धापा टाकतात, टरफलाचा चुना बनायला लागणारा रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, टरफल पातळ पडते. खाणे कमी झाल्याने जीवनसत्त्वेही कमी पोटात जातात. त्यात पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेल्या प्रीमिक्समधले (खाद्यात मिसळायच्या जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणातले) अ आणि के जीवनसत्त्व घटत जाते, खनिज मिश्रणात मिसळून ठेवले तर अधिकच. पांढऱ्या ज्वारीत पिवळ्या मक्यासारखे कॅरोटीन (ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते) नसते. ज्वारी-सोयाबीनमधले फायटेट (दाण्यातले फॉस्फरसयुक्त द्रव्य) जस्त अडवून धरते. उकिरड्यावर दिवसभर उन्हात फिरणाऱ्या गावरान कोंबडीत ड ची टंचाई सहसा दिसत नाही.

ब्रीडर (उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) खाद्यात कॅल्शियम 3 ते 3.5 टक्के आणि किलोला साधारण 3000 युनिट ड3 (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) ठेवतात. शिंपल्याची भरड संध्याकाळी द्यावी, कारण टरफल बहुतांशी रात्री चढते. ड चा मारा मात्र करू नये, जास्त झाल्यास मूत्रपिंडात चुना साठतो. बलक भरायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आज खाद्य सुधारले तरी तोवरच्या अंड्यांत जुनीच उणीव राहते. मेलेल्या पिल्लाची चोच टणक आणि हाडे नीट असतील, तर आधी उबवणी यंत्राचे तापमान (सुमारे 37.5 अंश) आणि शेवटच्या तीन दिवसांतली आर्द्रता पाहावी.